पाइप साफ करूनही एसी पुन्हा पुन्हा का गळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड टनाचा स्प्लिट एसी, बसवून दोन वर्षं झाली. इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं. मेकॅनिकने दोनदा ड्रेन पाइप फुंकून दिला, दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा थेंब सुरू. खोली व्यवस्थित गार होते, कॉइलवर (आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर) बर्फ दिसत नाही. आता मेकॅनिक म्हणतोय की गॅस भरावा लागेल. गॅस भरून गळती थांबेल का, आणि कायमचा उपाय काय?

आधी गॅसचं सांगतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून गॅसकडे वळायचं कारण दिसत नाही. गॅस कमी झाल्यामुळे पाणी गळू शकतं, पण तेव्हा गारवा कमी होतो आणि बहुतेक वेळा कॉइलवर बर्फ धरतो. तुमच्याकडे दोन्ही नाही. उलट पाइप साफ केल्यावर आठ-दहा दिवस गळती थांबते, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. अडथळा ड्रेनच्या वाटेवरच आहे आणि तो पुन्हा तयार होतोय, असा त्याचा अर्थ. नीट उतार असलेला पाइप तुंबायला एखादा मोसम तरी जातो. आठ दिवसांत तुंबत असेल तर एक तर पाइपात कुठेतरी पाणी साचून राहतंय, नाही तर ट्रेमधला गाळ तसाच ठेवून नुसता पाइप फुंकला जातोय. दोन्ही एकत्र असणंही अगदी नेहमीचं.

एसीतून पाणी निघणं हा बिघाड नाही. खोलीतल्या हवेचं तापमान २७ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २१ अंश असतो. कूलिंग कॉइल बहुधा ८ ते १२ अंशांवर चालते, त्यामुळे हवेतली वाफ कॉइलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्सवर (पातळ पट्ट्यांवर) धरते आणि खाली ओघळते. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो, म्हणजे रात्रभरात बादली भरते. कोरड्या हवेत तोच एसी दिवसभर चालला तरी जेमतेम पेलाभर पाणी सोडतो. म्हणून कडक उन्हाळ्यात न गळणारा एसी हवा दमट झाली की अचानक गळायला लागतो. दोष आधीपासूनच असतो, पाणी नंतर येतं.

या पाण्याची वाट अशी. पुढच्या कॉइलचं पाणी थेट खालच्या ट्रेमध्ये पडतं. मागच्या बाजूला वळलेल्या कॉइलचं पाणी मागच्या एका अरुंद पन्हळीत पडून तिथून ट्रेमध्ये येतं. ट्रेच्या टोकाला ड्रेनचं तोंड, त्याला लवचीक नळी, ती भिंतीच्या भोकातून बाहेर. भिंतीवरच्या साध्या स्प्लिट युनिटमध्ये पंप नसतो, सगळा कारभार उतारावर चालतो. ट्रे उथळ असतो, त्यात काही शे मिलिलिटरच मावतात. वाट अडली की वीस-पंचवीस मिनिटांत ट्रे भरतो आणि ज्या कोपऱ्याची कड खाली असेल तिथून पाणी सांडतं.

त्यामुळे कोणताही गळका एसी बघताना मी आधी दोनच गोष्टी विचारतो: पाणी कुठून येतं आणि कधी येतं. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एका कोपऱ्यातून धार लागत असेल तर ड्रेन किंवा लेव्हल. बंद केल्यानंतर एकदम भसाभस पाणी आलं तर बर्फ. हवेबरोबर शिंतोडे उडत असतील तर ब्लोअर (आतला पंखा) किंवा मागची पन्हळ. फ्लॅपच्या (हवेची दिशा बदलणाऱ्या पट्टीच्या) कडेवरून सावकाश थेंब पडत असतील तर बाहेरून धरलेला घाम. युनिटमागची भिंत ओली होत असेल तर तांब्याच्या पाइपांवरचं इन्सुलेशन किंवा नळीचा जोड. एसी बंद असताना, फक्त पाऊस पडला की भिंतीवरून ओघळ येत असेल तर एसीचा काही संबंध नाही, भिंतीचं भोक बाहेरून बुजवलेलं नाही. सर्व्हिसिंग झाल्या दिवसापासून गळती सुरू झाली असेल तर ट्रे नीट बसलेला नाही, नळी निसटली आहे किंवा रबरी बूच परत लावायचं राहून गेलं आहे.

ते बूच तुम्ही लगेच तपासा, कारण तुमची गळती डाव्या कोपऱ्यातून आहे. अनेक युनिट्सच्या ट्रेला दोन्ही टोकांना ड्रेनची तोंडं असतात. भिंतीतलं भोक ज्या बाजूला असेल तिकडे नळी लागते आणि दुसऱ्या तोंडाला रबराचं बूच बसतं. तुमची नळी उजवीकडे असेल तर डावीकडे ते बूच आहे का, ते पूर्ण आत दाबलेलं आहे का, रबर कडक होऊन चिरलं तर नाही ना, हे पाहा. मात्र नुसतं बूच सैल असतं तर पाइप साफ केल्यावर आठ दिवस बरं वाटलं नसतं. ट्रेमधलं पाणी चढल्यावरच बूच गळत असेल तर तसं होऊ शकतं, आणि तेव्हाही मूळ कारण पाणी तुंबणं हेच राहतं.

पुढे लेव्हल. युनिटचं वरचं प्लास्टिक गोलसर असतं, त्यावर पाणसळ (लेव्हल बघायचं साधन) ठेवून काही कळत नाही. भिंतीवरच्या लोखंडी पट्टीवर किंवा युनिटच्या खालच्या सरळ कडेवर ठेवा. युनिट सरळ हवं, किंवा ड्रेनच्या बाजूला एकूण लांबीत दोन-तीन मिलिमीटर खाली चालेल. ड्रेन उजवीकडे आणि डावं टोक पाच-सात मिलिमीटर खाली असेल तर पाणी ड्रेनकडे जाण्याआधी डावीकडे साचतं, त्यात धूळ बसते, आणि थोडा जरी अडथळा आला तरी डावा कोपरा आधी वाहतो. काही मेकॅनिक उलट टोक गाठतात. पाणी लवकर जावं म्हणून युनिट ड्रेनकडे बोटभर झुकवून ठेवतात. त्यानेही ट्रेची खालची कड लवकर भरते आणि त्याच बाजूने सांडतं. पट्टीचे स्क्रू भिंतीत सैल होऊन युनिट हळूहळू एका बाजूला उतरतं हेही होतं. दोन वर्षं नीट चाललेला एसी गळायला लागला तर हे जरूर बघा. युनिटची खालची कड दोन्ही हातांनी हलकेच पुढे ओढून पाहा. ती पट्टीच्या खाचेत घट्ट बसलेली असायला हवी.

आता खरी जागा, म्हणजे नळीचा मार्ग. मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा, दोन असेल तर उत्तम. पण नुसता एकूण उतार पुरत नाही, मधे कुठेही नळी वर चढता कामा नये. नळी पुन्हा वर चढली की त्या चढाआधीच्या खोलगट भागात पाणी कायम साचून राहतं. असे दोन खोलगट भाग झाले की त्यांच्या मधे हवा अडकते. ट्रेमधल्या दोन-तीन सेंटिमीटर पाण्याचा दाब ती हवा पुढे ढकलायला पुरत नाही, त्यामुळे पाइप आतून स्वच्छ असूनही पाणी थांबतं. फुंकलं की हवा निघून जाते, साचलेला गाळही निघतो आणि काही दिवस बरं चालतं. मग तीच अडचण पुन्हा. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

नळी चढते कुठे? पहिली जागा युनिटच्या मागे. भोक आणि ड्रेन विरुद्ध बाजूंना असतील तर तांब्याचे दोन पाइप, वायर आणि ड्रेनची नळी असा सगळा जुडगा युनिटच्या मागून आडवा न्यावा लागतो. या जुडग्यात ड्रेनची नळी सगळ्यांत खाली हवी. तांब्याचे पाइप खाली आणि नळी वर अशी बांधली गेली तर तिथेच उंचवटा तयार होतो, आणि युनिट बसवल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरी जागा भिंतीचं भोक. ते बाहेरच्या बाजूला पाच ते दहा मिलिमीटर खाली उतरतं हवं. सरळ किंवा आतल्या बाजूला उतरतं पाडलं असेल तर नळीला तिथेच चढ लागतो, शिवाय पावसाचं पाणीही आत येतं. तिसरी जागा बाहेर, जिथे जास्तीची नळी गुंडाळी करून टांगलेली असते. जास्तीची नळी कापून टाका, गुंडाळी नको. चौथी जागा टेपची: जुडग्यावर टेप करकचून आवळली की लवचीक नळी चपटी होते.

नळीचं शेवटचं टोक बादलीत किंवा साचलेल्या पाण्यात बुडलेलं असेल तर ते आधी बाहेर काढा. टोक पाण्याखाली गेलं की हवेला निघायला वाट उरत नाही. टोक जमिनीपासून पाच सेंटिमीटर तरी वर, उघड्या हवेत हवं. चिखलात टेकलेल्या किंवा भिंतीच्या फटीत खोचलेल्या टोकात किडे घरटं करतात. बारीक जाळी लावण्याचा मोह होतो, पण तीच जाळी गाळाने बंद होते. टोक तिरकं कापून मोकळं सोडलेलं बरं.

एक कमी माहीत असलेलं कारणही सांगतो. ज्या घरात खिडक्या घट्ट बंद असतात आणि एक्झॉस्ट फॅन सुरू असतो, तिथे घरातली हवा कमी पडते आणि बाहेरची हवा ड्रेनच्या नळीतून आत ओढली जाते. एसीतून गुडगुड, टपटप असा आवाज येतो आणि येणारी हवा पाणी अडवून धरते. खिडकी बोटभर उघडली की आवाज थांबला तर हेच कारण समजा. एक्झॉस्ट सुरू असताना खिडकी किलकिली ठेवणं हा साधा इलाज. ते शक्य नसेल तर नळीच्या बाहेरच्या टोकाला, पाणी जाऊ देणारी पण हवा आत न येऊ देणारी छोटी झडप लावतात.

उतार आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, पाणी ओतून ठरवा. एसी रिमोटने बंद करा आणि नंतर एमसीबीही (वीजबोर्डावरचा एसीचा स्विच) खाली करा. नुसता रिमोट पुरत नाही. पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा. सर्किट बोर्ड बहुतेक युनिट्समध्ये समोरून उजवीकडे असतो, त्या बाजूला पाणी अजिबात जाता कामा नये, म्हणून तो भाग प्लास्टिकने झाका आणि पाणी डाव्या अर्ध्या भागातच सोडा. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून एक लिटर पाणी कॉइलच्या फिन्सवर सावकाश, तीन-चार मिनिटं घेऊन ओता. दुसऱ्या माणसाला बाहेर नळीच्या टोकाखाली मापाचं भांडं धरून उभं करा. पाणी मिनिटभरात यायला लागलं, सलग धार राहिली आणि लिटरमधलं नऊशे मिलिलिटरच्या आसपास बाहेर मिळालं तर वाट मोकळी आहे. थोडं पाणी फिन्सवर आणि ट्रेमध्ये राहणारच. बराच वेळ काहीच आलं नाही, मग एकदम भसकन आलं आणि पुन्हा थांबलं, तर नळीत पाणी साचून राहतंय. बारीक धारच राहिली तर गाळ आहे. बाहेर कमी आणि आत भिंतीवर ओल दिसली तर युनिटमागचा जोड सुटलाय.

साफ करताना क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. बाहेरच्या टोकातून आत जोरात हवा मारली की गाळाचा गोळा परत ट्रेमध्ये जातो. शिवाय युनिटमागचा जोड नुसता दाबून बसवलेला असेल तर तो आतल्या आत निसटू शकतो. तेवढ्यापुरता पाइप मोकळा होतो, पाणी वाहतं, आणि आठवड्याभरात ट्रेमधला तोच गाळ हळूहळू परत तोंडाशी येऊन बसतो. म्हणून आधी ट्रे साफ करायचा. काही मॉडेल्समध्ये हवेच्या तोंडाची चौकट दोन-तीन स्क्रू काढून ट्रेसकट खाली येते, काहींमध्ये ट्रे मुख्य बॉडीतच ओतलेला असतो आणि ब्रशनेच साफ करावा लागतो. त्यानंतर बाहेरच्या टोकाला, पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर ओल्या फडक्याने घट्ट धरून एक-दोन मिनिटं खेचायचं. धूळ, बुरशी आणि जंतूंचा मिळून झालेला काळपट, बुळबुळीत, जेलीसारखा दोर बाहेर येतो. तो आला म्हणजे काम झालं असं धरू नका. वरून दोन-तीन लिटर साधं पाणी सोडून शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. नंतर अर्धा पेला व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून ट्रेच्या ड्रेनच्या तोंडाशी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा पाणी सोडा. उकळतं पाणी नको, लवचीक नळी मऊ पडते. ब्लीच आणि अ‍ॅसिडची क्लीनर कॉइलजवळ नेऊच नका, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतात.

मागची पन्हळ हा मात्र तुमच्या हातचा भाग नाही. ती धुळीने भरली की मागच्या कॉइलचं पाणी पुढच्या ट्रेकडे न जाता ब्लोअरवर पडतं, आणि हवेबरोबर शिंतोडे उडतात किंवा भिंतीवरून मागून ओघळ येतो. त्यासाठी बॉडी उघडून, बोर्ड झाकून, कमी दाबाच्या पंपाने धुवावं लागतं. जास्त दाबाचं पाणी मारलं तर फिन्स वाकतात. साबण नीट धुतला गेला नाही तर पाणी फिन्सवरून सरळ न ओघळता मधेच अडकून राहतं आणि ब्लोअर ते खेचून बाहेर फेकतो. धुतल्यानंतर दोन दिवस थोडे शिंतोडे आले तर घाबरू नका. आठवड्यानंतरही येत असतील तर धुणं अर्धवट झालंय.

आता बर्फ, कारण गॅसचा प्रश्न तिथेच येतो. कॉइलवर हवा कमी पडली किंवा गॅस कमी झाला की कॉइलचं तापमान शून्याखाली जातं आणि तिच्यावर पडणारं पाणी गोठतं. बर्फ ट्रेच्या कडेबाहेर वाढतो. कॉम्प्रेसर थांबला की तो झपाट्याने वितळतो आणि पाणी ट्रेमध्ये न पडता बाहेर पडतं. बर्फ संपूर्ण कॉइलवर सारखा पसरलेला असेल तर बहुधा हवेची अडचण असते: फिल्टर तुंबलेला, ब्लोअरच्या पात्यांवर धुळीचा थर, किंवा युनिटच्या वर छत एवढं जवळ की हवा आत जायला जागा नाही. बर्फ कॉइलच्या एकाच भागात आणि बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपाच्या झडपेवरही दिसला तर गॅसची शंका रास्त आहे. बाहेर गारठा असताना रात्री १६-१७ अंशांवर एसी लावून झोपलं तरी काही मशीनमध्ये बर्फ धरतो, तिथे दुरुस्तीची गरजच नसते. बर्फ चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला छिद्र पडलं तर तुम्हाला खरोखरच गॅस भरावा लागेल. नुसता फॅन मोड एक-दोन तास चालवा.

गॅस कमी असल्याची अजून एक आडवाट आहे. कॉइलचा एकच भाग गार आणि बाकीचा कोमट राहतो. कोमट भागातून दमट हवा तशीच पुढे येते आणि गार भागातून आलेल्या हवेशी ब्लोअरपाशी मिसळते, त्यामुळे ब्लोअरच्या पात्यांवर आणि हवेच्या तोंडाच्या आत थेंब धरतात. तेव्हा ड्रेन उत्तम, बर्फ नाही, तरी पाणी उडतं. हे ओळखायला कॉइलवर हात फिरवून बघावं लागतं, की गारवा सगळीकडे सारखा आहे का. फिन्स धारदार असतात, हात जपून. सोबत तापमानही मोजा. एसी पूर्ण जोरात पंधरा मिनिटं चालल्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. फार दमट हवेत तो थोडा कमी भरतो. इन्व्हर्टर मशीन कमी वेगाने चालत असताना केलेलं माप धरू नका.

घामाचं पाणी वेगळं. ते ट्रेमधून येतच नाही, गार पृष्ठभागावर थेट हवेतून धरतं. फ्लॅप अगदी खाली वळवून ठेवला किंवा अर्धवट बंद ठेवला की बारा-चौदा अंशांची हवा त्याच्यावर आदळते आणि दुसऱ्या बाजूला खोलीतली दमट हवा असते, मग कडेवरून थेंब पडतात. फ्लॅप आडवा ठेवा, फॅनचा वेग वाढवा, दारं-खिडक्या बंद करा आणि तापमान दोन अंशांनी वर न्या. एवढ्यात हे बहुतेक वेळा थांबतं.

पाइपांचा घाम त्याहून त्रासदायक, कारण तो भिंतीत मुरतो आणि रंगाचे पोपडे निघेपर्यंत कळत नाही. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब बहुधा बाहेरच्या युनिटमध्येच कमी केला जातो, त्यामुळे जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप गार असतात आणि दोघांना वेगवेगळं इन्सुलेशन लागतं. एकाच नळकांड्यात दोन्ही कोंबलेले असतील तर फटीतून हवा शिरते आणि आतच पाणी धरतं. नायट्राइल रबराचं इन्सुलेशन दमट ठिकाणी १३ मिलिमीटर जाडीचं तरी हवं. युनिटमागे जिथे फ्लेअर नट (तांब्याचे पाइप जोडणारे नट) जोडले जातात ती जागा हमखास उघडी राहते. तिथे वेगळा तुकडा गुंडाळून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करावी लागतात. वरून गुंडाळलेली पांढरी टेप म्हणजे इन्सुलेशन नाही, ती फक्त झाकण आहे. ती फार आवळली की रबर चेपतं आणि तिथेच घाम येतो. बाहेरच्या बाजूला टेप खालून वर गुंडाळत नेली पाहिजे, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. एकदा भिजलेलं इन्सुलेशन वाळत नाही, बदलावंच लागतं. ड्रेनच्या नळीतलं पाणीही गार असतं, त्यामुळे खोलीच्या आत असेल तेवढ्या नळीलाही पातळ इन्सुलेशन हवं.

विंडो एसीचं गणित सोपं: मागच्या बाजूला पाच ते दहा मिलिमीटर झुकाव हवा आणि तळाच्या पत्र्यातलं भोक मोकळं हवं. बऱ्याच मॉडेल्समध्ये मागचा पंखा ते पाणी मुद्दाम उडवून कंडेन्सरवर (मागच्या गरम कॉइलवर) मारतो, त्यामुळे मागून थोडा छपछप आवाज आला तर तो दोष नाही. छतातल्या कॅसेट युनिटमध्ये मात्र पंप असतो. गळती झाली तर आधी पंपाची जाळी, मग फ्लोट स्विच (पाणी चढलं की कळवणारा), मग पंपानंतरचा चढाचा पाइप, या क्रमाने बघतात.

भिंतीतून बंद ड्रेन पाइप नेलेला असेल तर माझं वरचं काही बोलणं तोकडं पडतं, कारण उतार दिसतच नाही. अशा पाइपाचा व्यास किमान २५ मिलिमीटर हवा, काटकोनी एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं हवीत, आणि प्लास्टर करण्याआधी पाणी ओतून चाचणी झालेली हवी. एसीची लवचीक नळी कडक पाइपाच्या आत पाच सेंटिमीटर घालायची, वरून चढवायची नाही. उलटं केलं की प्रत्येक थेंब जोडातून भिंतीत जातो. हा पाइप सांडपाण्याच्या लाइनला थेट बंद करून जोडू नका. बाथरूमच्या जाळीच्या वर उघडा सोडा, म्हणजे वासही येत नाही आणि तिकडचं पाणी तुंबलं तर ट्रेमध्ये परत येत नाही.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील: बूच, पाणसळ, मग एक लिटरची चाचणी. चाचणीत पाणी थांबत-थांबत आलं तर मेकॅनिकला पाइप फुंकायला सांगू नका. युनिट भिंतीवरून पुढे उचलून मागचा जुडगा दाखवायला सांगा आणि ड्रेनची नळी तांब्याच्या पाइपांच्या खाली आहे का ते स्वतः बघा. नसेल तर जुडगा सोडून पुन्हा बांधायला लावा. गॅसचा आग्रह धरलाच तर कॉइलच्या दोन्ही टोकांचं तापमान आणि हवेतला फरक मोजून दाखवायला सांगा. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय, तेव्हा आधी नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, मग व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपांतली हवा ओढून काढून, युनिटच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाएवढाच भरायचा. लेबलवर आर-३२ असेल तर तो सौम्य ज्वलनशील असतो, त्यामुळे हे काम माहितगाराकडूनच.

दुरुस्ती होईपर्यंत एसी लावायचाच असेल तर २६ अंश आणि फॅन जोरात ठेवा, पाणी कमी निघेल. पाणी कमी होईल म्हणून ड्राय मोड लावू नका, त्या मोडचं कामच हवेतलं पाणी काढणं आहे आणि तेही त्याच तुंबलेल्या ट्रेमध्ये जातं. फिल्टर वापराच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी धुवा. आणि थेंब डावीकडून सरकत उजवीकडे, बोर्डाच्या बाजूला यायला लागले तर चाचण्या वगैरे राहू द्या, एमसीबी खाली करा आणि बोर्ड पूर्ण वाळल्याची खात्री झाल्याशिवाय एमसीबी वर करू नका.